उललेले ओठ

मनुष्य सुखात असता ज्या अवयवांची त्याला आठवणही होत नाही, त्यांत ओठांचा क्रम बराच वरचा लागेल. डोळ्यांची आपण काळजी घेतो, दात दुखला तर रात्र जागून काढतो, आणि गुडघ्यांविषयी तर साठी उलटलेल्या मंडळींत दुसरा विषयच नसतो. ओठ मात्र थंडीच्या दिवसांत थोडेसे फुटले तर त्यांस बोटभर लोणी लावावे आणि विसरून जावे, एवढाच त्यांचा नि आपला संबंध. आमचाही तेवढाच होता. २०२२ सालच्या हिवाळ्यात तो बदलला. कर्करोगावर जे लेख वाचनात येतात त्यांत रोगाविषयी व उपचारांविषयी पुष्कळ असते; उपचार आटोपून घरी परतलेल्या माणसाच्या ओठांविषयी सहसा एक ओळही नसते. विषय लहान आहे हे खरे. परंतु ज्याचे ओठ उललेले आहेत, त्याला सकाळच्या चहापासून रात्रीच्या प्रार्थनेपर्यंत दुसरा विषय सुचत नाही.

त्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस आमच्या डाव्या गालाच्या आतील बाजूस झालेली गाठ शस्त्रक्रियेने काढण्यात आली. तंबाखू आम्ही जन्मात कधी खाल्ली नाही. तरीही समाचारास येणारा प्रत्येक सद्‌गृहस्थ खुर्चीवर टेकताच प्रथम तोच प्रश्न विचारी, आणि आमच्या नकारार्थी उत्तरावर त्याचा पुरता विश्वास बसत नसे. असो. जखम भरल्यावर नोव्हेंबरच्या ७ तारखेस किरणोपचार सुरू झाले, ते डिसेंबरच्या १६ तारखेस संपले. आठवड्यातून पाच दिवस, दररोज २ ग्रे, अशा एकंदर ३० बैठका व ६० ग्रे. ‘ग्रे’ हे किरणांच्या मात्रेचे माप होय; लुई हॅरॉल्ड ग्रे ह्या इंग्रज शास्त्रज्ञाचे नाव त्यास १९७५ साली देण्यात आले. सगळी मात्रा एकदम न देता रोज थोडीथोडी द्यावी, म्हणजे रोगट पेशी मरतात आणि निरोगी पेशींना सावरण्यास अवधी मिळतो, ही युक्ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसच्या रेडियम संस्थेत रगो व कुतार ह्या वैद्यांनी रूढ केली. बेळगावपासून दूरच्या एका शहरात, रुग्णालयाजवळच्या धर्मशाळेत राहून आम्ही ते सहा आठवडे काढले. बैठक दहा-पंधरा मिनिटांची. चेहऱ्यावर जाळीदार मुखवटा आवळून बसवीत, दार लागे, यंत्र गुणगुणे, आणि काही कळण्याच्या आत दार उघडे. वेदना मुळीच नाही. पहिला पंधरवडा तर आम्हांस वाटले, लोक उगीच भिवडवतात.

तिसऱ्या आठवड्यात तोंड कोरडे पडू लागले. मनुष्याच्या तोंडात दिवसाला अर्ध्या ते दीड लिटरपर्यंत लाळ पाझरते. आमच्या वडिलांच्या पिढीतील पितळी तांब्या जवळजवळ भरेल एवढी ती होते. ती बहुतांशी तीन जोड्यांच्या ग्रंथींतून येते: एक जोडी कानांपुढे, दुसरी खालच्या जबड्याच्या आत, तिसरी जिभेखाली. ह्या ग्रंथी किरणांपुढे फार हळव्या आहेत. गालावर रोखलेली किरणे वाटेत त्यांनाही भाजतात. मग लाळ आटते, जी उरते ती चिकट तारेसारखी होते. ह्या कोरडीचा पहिला हप्ता ओठ भरतात, ह्याचेही कारण आहे. अंगावरच्या इतर कातडीला घाम आहे, तेल आहे, लव आहे. ओठांच्या लाल भागाला घामाच्या ग्रंथी नाहीत, तेलाच्या जवळजवळ नाहीत, आणि वरचे निर्जीव कवचही गालाच्या मानाने अगदी पातळ. स्वतःची म्हणून त्यांच्यापाशी काहीच पुंजी नाही.

मग रुग्ण काय करतो? जीभ फिरवतो. हे इतके स्वाभाविक आहे की झोपेतही घडते. परंतु ओठावर लावलेली लाळ क्षणात उडून जाते आणि जाताना आतला ओलावाही घेऊन जाते. शिवाय लाळेत अन्न पचविणारे जे द्रव्य असते ते त्या नाजूक कातडीस झोंबते. म्हणजे जिभेने केलेली प्रत्येक दया दहा मिनिटांनी ओठांवर उलटते. तेथल्या परिचारिकेने पहिल्याच आठवड्यात आमच्या सौभाग्यवतींना बजावले होते, “आजी, आजोबांच्या जिभेवर लक्ष ठेवा.” ते काम त्यांनी इतक्या मन लावून केले की चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी आमच्या जिभेवर ठेवलेल्या एकंदर लक्षाची त्यापुढे गणना करू नये.

किरणोपचारांचा दाह शेवटची बैठक झाली म्हणजे थांबत नाही. तो पुढे एक-दोन आठवडे चढतच राहतो. त्यामुळे आमचा खरा कठीण काळ घरी आल्यावर, नाताळातच आला. त्या वर्षी नाताळ रविवारी होता. घरात करंज्या तळल्या जात होत्या, कुलकुलांसाठी नातवंडे काटे घेऊन बसली होती, आणि आम्ही वाटीत कोमट पेज घेऊन चमच्याने ओठ चुकवून ती आत कशी सोडावी ह्याचा अभ्यास करीत होतो. खालचा ओठ मध्यभागी उभा चिरला होता. दोन्ही जिवण्या फाटल्या होत्या. जांभई आली की भय वाटे. कोणी विनोद केला तर घरची मंडळी त्याच्याकडे डोळे वटारीत, कारण हसू आले की रक्त येई.

परंतु खाण्यापेक्षा, हसण्यापेक्षाही आम्हांस जे जड गेले ते बोलणे. आम्ही तीस वर्षे शाळेत मराठी व्याकरण शिकविले. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण होत, हे फळ्यावर किती वेळा लिहिले असेल त्याची गणती नाही. मुलांना ओठ मिटून दाखवावेत, मुलांनी मिटावेत, हसावे, पुढचा धडा घ्यावा. हे वर्ण उच्चारताना दोन ओठ एकमेकांस टेकतात आणि सुटतात. आता टेकले की ते चिकटत, आणि सुटताना चीर उघडे. आणि मराठीत ह्या वर्णांविना चालते कोठे? ‘आई’ म्हणता येते, ‘बाबा’ म्हणता येत नाही. ‘पाणी’ मागता येत नाही, ‘जल’ मागावे तर घरात हशा होईल, आणि हसणे तर वर्ज्य. रोजच्या प्रार्थनेतले शब्द घ्या: बाप, मरिया, प्रभू, पापी, क्षमा. एकही शब्द ओठांना सवलत देत नाही. आम्ही ती प्रार्थना मनातल्या मनात म्हणू लागलो, आणि आमच्या ध्यानात आले की सत्तरीपर्यंत आम्ही ती ओठांनीच म्हणत आलो होतो; नुसत्या मनाने म्हणायला बसले की शब्द मध्येच हरवत. रविवारी देवळात पहिले वाचन करण्याचे काम आमच्याकडे वर्षानुवर्षे होते. ते दुसऱ्या एका तरुणास सोपविण्यात आले. त्याचे उच्चार चांगले आहेत. तरी ‘ळ’ नीट होत नाही, हे नमूद करून ठेवतो.

देवळात आणखी एक अडचण, जी बोलून दाखविण्यास रुग्ण संकोचतात. लाळ नसलेल्या तोंडात पवित्र भाकर विरघळत नाही. ती टाळूला चिकटून बसते, आणि गिळता येईना म्हणून ठसका लागतो. ह्या भीतीने कित्येक जण मागच्या बाकावर बसून राहतात व कम्युनियन घेण्याचे टाळतात. तसे करण्याचे कारण नाही. पाण्याने उपवास मोडत नाही हे १९५३ पासून ठरलेले आहे. तेव्हा एक घोट आधी व एक घोट नंतर खुशाल घ्यावा. १९८३ च्या धर्मसंहितेने आजाऱ्यांना व त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना तासाभराच्या उपवासाचेही बंधन ठेवलेले नाही, आणि गरज पडल्यास केवळ द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद देण्याची मुभाही दिली आहे. अर्थात उललेल्या ओठांस द्राक्षारस झोंबतो, म्हणून आम्हांस तो मार्ग मानवला नाही. आमच्या फादरांना आधी सांगून ठेवले; ते भाकरीचा अगदी लहानसा कण देत, आणि सौभाग्यवतींच्या पिशवीत पाण्याची बाटली असे. एवढ्याने काम भागले.

आता उपायांकडे वळावयाचे, तर आजाऱ्याच्या खाटेभोवती जेवढी माणसे तेवढे उपाय असतात. एका स्नेह्याने ग्लिसरीनमध्ये लिंबू पिळून कापसाने फिरवावयास सांगितले. हा जुना आणि फार प्रतिष्ठित उपाय आहे. पूर्वी रुग्णालयांतूनही तो चाले. पण लिंबाचे आम्ल फाटलेल्या कातडीस जाळते, आणि त्या मिश्रणाने तोंड शेवटी अधिकच कोरडे पडते, म्हणून आता जाणते लोक तो सोडून देण्यास सांगतात. दुसऱ्यांनी मध आणून दिला. मध गोड आहे, आणि लाळेवाचून दात उघडे पडलेले असताना गोड पदार्थ दिवसभर तोंडाशी ठेवणे म्हणजे किडीस आमंत्रण होय. लाळ दातांचेही रक्षण करते, हे ती गेल्यावरच कळते. तिसऱ्याने शहरातून एक सुंदर डबी आणली. उघडताच पेपरमिंटचा असा गारवा सुटला की नाक मोकळे झाले. ओठांना गार वाटणे आणि ओठांना बरे वाटणे ह्या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. मेंथॉल, कापूर, निलगिरी, दालचिनी, संत्र्या-लिंबाचे वास, ही सगळी द्रव्ये उललेल्या ओठांस चेतवितात. मग पुन्हा लावावेसे वाटते, आणि दुकानदाराची डबी लवकर संपते. जिला रंग नाही, वास नाही, चव नाही, तीच डबी चांगली.

अशा डब्यांत सर्वांत जुनी व स्वस्त ती साध्या व्हॅसलीनची. अमेरिकेत तेलविहिरींच्या दांड्यांवर मेणासारखा काळा थर साचे, तो कामगार भाजल्या-कापल्यावर चोळीत. तो शुद्ध करून चेसब्रो नावाच्या रसायनज्ञाने १८७२ साली त्याचे पेटंट घेतले. ह्याचे कार्य समजून घेतले तर उपयोग नीट होतो. व्हॅसलीन ओठांस ओलावा देत नाही. आहे तो उडू न देण्याचे झाकण तेवढे ते घालते. कोरड्या भांड्यावर झाकण घालून काय उपयोग? म्हणून आधी स्वच्छ ओला कपडा अर्धा मिनिट ओठांवर टेकवून ठेवावा, पुसून कोरडे करू नये, आणि त्या ओलीवरच पातळ थर द्यावा. जेवणाआधी, जेवणानंतर, निजताना, आणि मध्ये आठवेल तेव्हा. बोट धुतलेले असावे, व डबी दुसऱ्या कोणाची नसावी. मात्र दोन प्रसंगी हे टाळावे. किरणांच्या बैठकीस जाताना ओठांवर जाड थर असू नये. बैठक झाल्यावर लावावा. आणि ज्या रुग्णास नळीने प्राणवायू देत असतील त्यास व्हॅसलीनसारखे तेलकट पदार्थ लावू नयेत, कारण प्राणवायूच्या सान्निध्यात ते पेट घेण्याचा धोका असतो. त्याच्यासाठी पाण्यात मिसळणारे मलम मिळते.

जानेवारीत आमची थोरली बहीण सावंतवाडीहून आली. तिने आमच्याकडे पाहिले, डबी हुंगून बाजूला ठेवली, आणि म्हणाली, “अरे, एवढी मोठी इस्पितळं पालथी घातलीत, आणि घरात मुठेल नाही?” मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचे तेल; गोव्याकडे त्यास भिरंडेल म्हणतात. बिया वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळतात, वर तरंगणारा स्निग्ध भाग काढून घेतात, आणि निवताना हाताच्या मुठीत दाबून त्याचे पांढुरके गोळे वळतात. त्या मुठीवरूनच हे नाव. गोळा एरवी दगडासारखा घट्ट असतो. किंचित ऊब दिली की सुटतो. आमच्या आईच्या काळी भेगाळलेल्या टाचांना व फुटलेल्या ओठांना कोकणात दुसरे औषध नव्हते. आम्ही दूरध्वनीवरून डॉक्टरांची परवानगी घेतली (आक्काला हे मुळीच आवडले नाही), आणि लावले. चमत्कार झाला असे आम्ही म्हणणार नाही. व्हॅसलीन जे करते तेच ते करते, थोडे अधिक वेळ टिकते, आणि त्यास आमच्या आजोळच्या माजघराचा वास येतो. रुग्णाच्या हिशेबात ही तिसरी गोष्टही जमेस धरावी. गंमत अशी की त्याच फळाच्या सालीची सोलकढी, जी आम्हांस प्राणाहून प्रिय, ती त्या दिवसांत ओठांस विंचवासारखी डसे. एकाच भिरंडाची साल वैरीण आणि बी सोयरी.

तेलापेक्षाही ज्याने आतून बरे वाटले ते म्हणजे गुळण्या. एक लिटर उकळून निवविलेले पाणी, त्यात चहाचा एक चमचा मीठ व एक चमचा खाण्याचा सोडा. दिवसातून पाच-सहा वेळा, रोज नवे करून. बाजारातील चुरचुरणारी तोंड धुण्याची औषधे, ज्यांत मद्यार्क असतो, ती ह्या स्थितीत कोरड वाढवितात. पाण्याची बाटली उशाशी, खिशात, देवळात, सर्वत्र. निजावयाच्या खोलीत ओले कापड वाळत घालावे, म्हणजे हवा थोडी दमट राहते. बेळगावात पावसाळ्यात ह्याची गरज नाही, तेव्हा भिंतीच घाम गाळतात. निघू लागलेली सालपटे नखाने ओढू नयेत, हे मात्र स्वतःस रोज नव्याने सांगावे लागते.

एवढे करूनही आमच्या जिवण्या फेब्रुवारीपर्यंत भरेनात. डॉक्टरांनी तोंडात पाहिले. जिभेच्या कडेस पांढरट डाग होते. ती बुरशी. लाळ कमी झाली की तिला मोकळे रान मिळते, आणि ओठांच्या कोपऱ्यांत ती ठाण मांडते. मग कितीही तेल लावा, चीर मिटत नाही. बुरशीविरोधी औषधाने दोन आठवड्यांत फरक पडला. कवळी असणाऱ्यांनी रात्री ती काढून स्वच्छ करावी, आणि रक्तात लोह व ब-जीवनसत्त्वे कमी नाहीत ना तेही पाहून घ्यावे. त्यांच्या अभावीही जिवण्या फाटतात. ह्या बुरशीपायीच आमच्या सव्वा वर्षाच्या धाकट्या नातीचा मुका घेणे आम्ही तीन महिने बंद ठेवले होते. तिला कारण कसे सांगणार? ती तोंड पुढे करी, आम्ही कपाळ पुढे करीत असू. पुढे बंदी उठल्यावर तिने आपण होऊन कपाळच पुढे केले, आणि आजतागायत ती तसेच करते.

लाळ परत येते का, हे सर्वजण विचारतात. थोडीफार येते, वर्ष-दोन वर्षे लागतात, आणि पूर्वीइतकी येईलच असे नाही. पिलोकार्पिन नावाचे औषध उरल्यासुरल्या ग्रंथींना जागविते. ब्राझीलमधल्या जाबोरांडी नावाच्या झुडपाच्या पानांपासून ते निघते, आणि किरणोपचारानंतरच्या कोरडीसाठी अमेरिकेत त्यास १९९४ साली मान्यता मिळाली. पण ते घाम फार आणते, आणि दमा किंवा काचबिंदूचे काही प्रकार असणाऱ्यांस चालत नाही, म्हणून वैद्यास विचारल्यावाचून घेऊ नये. आम्ही दोन महिने घेऊन सोडले. दिवसातून तीन सदरे बदलण्यापेक्षा पाण्याची बाटली बरी वाटली. अधिक आशा आहे ती किरणे देण्याच्या सुधारलेल्या पद्धतीत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत, कानापुढील ग्रंथी चुकवून किरणे दिलेल्या ३९ रुग्णांपैकी १५ जणांना वर्षानंतर बरीच कोरड राहिली होती. जुन्या पद्धतीच्या ३४ पैकी २५ जणांना. तेव्हा उपचार सुरू होण्याआधीच ‘लाळेच्या ग्रंथी कितपत वाचविता येतील?’ हे डॉक्टरांस विचारावे. रोगाच्या भीतीपुढे हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. परंतु पुढची वर्षे त्या उत्तरासह काढावयाची असतात. त्याच सुमारास दातांच्या वैद्यासही दाखवून घ्यावे, आणि उपचारांनंतर दात काढण्याची वेळ आली तर किरणोपचार झाल्याचे त्यास अगोदर सांगावे, कारण भाजलेले हाड सहजी भरून येत नाही.

ऊन ओठांस पूर्वीपेक्षा लवकर लागते; मे महिन्यात आम्ही रुंद काठाची टोपी घालतो, आणि शाळेतली जुनी मुले ‘सर, शेतावर निघालात का?’ म्हणून विचारतात. ओठावरचा किंवा तोंडातला एखादा व्रण दोन आठवड्यांत भरला नाही, टणक लागला, किंवा त्यातून वारंवार रक्त आले, तर तो कोरडीचा आहे असे घरच्या घरी ठरवू नये. थेट डॉक्टरांकडे जावे. आम्ही आरशासमोर दर रविवारी सकाळी दाढी झाल्यावर पाहून घेतो. वाचनाचे काम अधूनमधून पुन्हा मिळते. लहान उतारा असला तर घेतो. वंशावळी असली की ती त्या तरुणाकडे जाते.

गेल्या महिन्यात आमच्याच धर्मग्रामातले एक गृहस्थ संध्याकाळी घरी आले. जिभेच्या कडेची गाठ, शस्त्रक्रिया झालेली, पुढल्या सोमवारपासून किरणे. सणाच्या मिरवणुकीत ते कॉर्नेट वाजवतात. त्यांचा ओठ म्हणजे त्यांचे वाद्य. वर लिहिले ते सगळे त्यांस सांगून झाले, सौभाग्यवतींनी मीठ-सोड्याचे प्रमाण कागदावर लिहून दिले, तरी ते उठेनात. अखेर म्हणाले, “सर, मे महिन्यातल्या सणाला वाजवता येईल ना?” आम्ही म्हणालो, ह्या मे महिन्याचे आम्ही काही सांगत नाही, डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा की तुम्ही कॉर्नेट वाजवता. आक्काने धाडलेले मुठेलाचे दोन गोळे कपाटात होते, त्यांतला मोठा त्यांना दिला, आणि बैठकीपूर्वी लावू नये, मागाहून लावावा, हे पुन्हा एकदा सांगितले. त्यांनी तो हुंगून पाहिला, रुमालात बांधला, आणि धर्मशाळेत अंथरूण मिळते की घरून न्यावे लागते ते विचारू लागले.